पुंगळी पुन्हा भरली तर पैसे वाचतात का? बाराबोरच्या काडतुसामागचा हिशेब

बार झाल्यावर बंदूक बिजागरीवर मोडून उघडली की जी रिकामी पुंगळी बाहेर येते, ती एकदा हातात घेऊन बघावी. बुडाशी पिवळ्या धातूची वाटी, वाटीच्या मधोमध खिळ्याने खचलेली टोपी म्हणजे दारू पेटवणारा प्रायमर, वर प्लॅस्टिकची नळी आणि तोंडाशी उघडलेल्या सहा किंवा आठ पाकळ्या. दारू जळून गेली, टोपी संपली, छर्रे आणि त्यांच्याखालचा वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) नळीतून निघून गेला. पुंगळी मात्र जवळपास जशीच्या तशी राहिली. ती फेकायची कशाला, या विचारातूनच घरी काडतूस भरण्याची प्रथा आली.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत आणि त्यांना एकेक काडतूस मोजून वापरावे लागते. दुसरीकडे शहरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलांचे पालक आहेत. गोळ्यांचा खर्च त्यांच्या घरखर्चात दर महिन्याला दिसतो. दोघांची उत्तरे मात्र वेगळी आहेत.

ठासणीच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्न नव्हताच. प्रत्येक बार हातानेच भरायचा: मापाने दारू, वर चिंध्या किंवा काथ्या, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासणे. 1807 मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथने आघाताने पेटणाऱ्या रसायनाचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची छोटी टोपी आली आणि चकमकीच्या व तोड्याच्या बंदुकांचा काळ संपत गेला. बंदुकीचे ‘बोर’ हे मापही त्याच जुन्या काळचे. नळीत नेमके बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरत असतील, तर ती बाराबोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीसबोर बाराबोरपेक्षा लहान असते.

दारू, छर्रे आणि टोपी एकाच नळकांड्यात बसवण्याचे काम फ्रान्समध्ये झाले. 1830 च्या दशकात लफोशेने बाजूला पिन असलेले काडतूस आणले, 1855 मध्ये पोते याने बुडाच्या मध्यावर टोपी असलेले. 1861 मध्ये जॉर्ज डॉ याने तेच इंग्लंडमध्ये बाजारात आणले. ‘काडतूस’ हा आपला शब्द त्याहून जुना, पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलेला. या नव्या काडतुसांच्या पुंगळ्या सुरुवातीला बहुधा रिकाम्याच विकल्या जात. त्या घरी किंवा बंदूकवाल्याकडे भरून घ्यायच्या. त्यासाठी दारूचे माप, लाकडी ठोकणी आणि कागदी तोंड आत वळवणारे हातचक्र एवढे सामान पुरे. म्हणजे घरी भरणे हा नंतरचा छंद नव्हे, मूळ रीतच ती.

आपल्याकडे संस्थानी शिकारीचा काळ नेमका हाच. दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. 1958 मध्ये तिथे अभयारण्य झाले. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात त्या काळच्या बंदुका आजही पाहायला मिळतात. सह्याद्रीच्या पावसात कागदी पुंगळीचा मोठा दोष उघडा पडतो. कागद ओल धरतो, पुंगळी फुगते आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, जातच नाही; गेलीच तर बार झाल्यावर निघत नाही. दमट मुलखात पितळी पुंगळ्यांना मागणी होती ती यामुळे. पण पितळेच्या भिंती पातळ, त्यामुळे बाराबोरच्या पितळी पुंगळीत नेहमीचा वॅड सैल पडतो आणि एक माप मोठा घालावा लागतो. शिवाय जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचे फुलमिनेट हे आघाताने पेटणारे रसायन असे. जळल्यावर सुटलेला पारा पितळेत शिरून ते ठिसूळ करी, आणि पुंगळी वरून चांगली दिसत असतानाच तडकत असे.

या सगळ्या इतिहासातला सर्वात घातक टप्पा धूरविरहित दारूचा. काळी दारू ड्रॅमच्या मापाने भरत. तीन ड्रॅम म्हणजे सुमारे 5.3 ग्रॅम. 1860 च्या दशकात प्रशियाच्या शुल्ट्झने लाकडापासून केलेली दारू आणली. ती हलकी आणि फुगीर होती आणि त्याच मापात बसेल अशी बनवलेली होती. पुढे 1887 मध्ये आल्फ्रेड नोबेलची बॅलिस्टाइट आली. ती दाट, तिचे गणित वजनावर. जुन्या सवयीने कोणी तिने तेच माप काठोकाठ भरले, की योग्य भारापेक्षा जवळपास दुप्पट दारू आत जाई आणि नळी चेंबरच्या पुढे फाटे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या दमास्कस नळ्या तर काळ्या दारूच्याच दाबासाठी होत्या. माळ्यावर आजोबांची अशी नळी असेल तर तिच्यात आजचे काडतूस घालू नये.

त्यानंतर कारखान्यांत यंत्रांवर भरलेली काडतुसे स्वस्त झाली आणि घरी भरणे मागे पडले. अमेरिकेत ते पुन्हा वर आले 1950 च्या दशकात. उडत्या चकत्यांवर नेम धरणारे नेमबाज एका फेरीला 25 काडतुसे उडवत, आठवड्याला शेकडो. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या ‘मेक’ कंपनीने हाताने दाबायचे यंत्र आणले. 1958 मध्ये रिचर्ड ली यांनी हातोडीने ठोकून भरायचा छोटा संच काढला. 1960 मध्ये रेमिंग्टनने प्लॅस्टिकची पुंगळी आणली आणि बचतीचे गणित पक्के झाले. ती ओल धरत नाही आणि पाकळ्यांना चिरा पडेपर्यंत अनेकदा भरता येते.

यंत्रावरचा क्रम ठरलेला आहे. जुनी टोपी ठोकून काढणे आणि धातूची वाटी मूळ मापात दाबणे, नवी टोपी बसवणे, दारू, दाबून वॅड, छर्रे, पाकळ्यांना घडी, शेवटी तोंड बंद. सरावलेला हात तासाला शंभरेक काडतुसे भरतो. चुका नेमक्या जागी होतात. टोपी किंचित वर राहिली, तर बंदूक बंद करतानाच बार होऊ शकतो. दारू यंत्राच्या नळीत अडकली, तर एक काडतूस जवळपास रिकामे जाते आणि पुढच्यात दुप्पट पडते. रिकाम्या काडतुसाचा आवाज फुसका येतो, वॅड नळीतच राहतो आणि पुढच्या बाराला नळी फुगते किंवा फुटते. फुसका आवाज आला की बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहायचे; याला पर्याय नाही. टोपी, दारू, वॅड आणि पुंगळी ही जोडणी दारू बनवणाऱ्याच्या तक्त्यात असेल तशीच घ्यायची. त्यातली एक वस्तू बदलली तरी दाब बदलतो.

आता पैसा. शिसे हाच मोठा खर्च, आणि ते दरवेळी नवेच लागते. 24 ग्रॅमच्या भाराला एक किलो छर्ऱ्यांत 41 काडतुसे होतात, 32 ग्रॅमला 31. अमेरिकेत छर्रे 25 पौंडांच्या पिशवीत मिळतात. 1⅛ औंसाच्या भाराला त्यात 355 काडतुसे, तर चारशे-दहा बोरच्या (हा आकडा गोळ्यांचा नव्हे, नळीच्या व्यासाचा: 0.410 इंच) अर्ध्या औंसाला 800. टोपी, दारू, वॅड हेही प्रत्येक वेळी विकतच. वाचते ती पुंगळी आणि कारखान्याची मजुरी, एवढेच. म्हणून शिसे महाग झाले की बाराबोरच्या साध्या काडतुसात बचत उरत नाही. कारखाना शिसे आणि पुंगळ्या घाऊक घेतो, त्याच्याशी बरोबरी होत नाही. अठ्ठावीस बोर आणि चारशे-दहा बोरची गोष्ट निराळी: त्यांना शिसे कमी लागते, पण खप कमी असल्याने दुकानातला दर चढा असतो. तिथे घरी भरणाऱ्याला खरोखर फायदा होतो.

यंत्राची किंमत त्याच्या वर धरायची. समजा यंत्राला 20,000 रुपये लागले आणि काडतुसामागे 10 रुपये वाचले, तर 2,000 काडतुसांनंतर पैसे फिटतात. चकत्यांवर नेम धरणाऱ्याला त्या 80 फेऱ्या झाल्या. डुकरांना हाकलण्यासाठी हंगामात चार-पाच बार काढणाऱ्या शेतकऱ्याचे यंत्र मात्र नातवाच्या हयातीतही फिटणार नाही.

आणि भारतात पैशाच्या आधी परवाना येतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे केवळ तयार काडतूस नव्हे. त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही त्यात येते. कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याच्या परवान्यात काडतूस भरण्याची मुभा येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची किमान शिक्षा सात वर्षे आहे. गावाकडे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून घरच्या घरी पुंगळी भरून देणारे भेटतात; त्यांच्या नादी लागू नये. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातून लेखी उत्तर घ्यावे.

आपल्याकडची बरीच बाराबोर काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्याची, पुंगळीवर ‘केएफ’ अक्षरे असलेली. हा कारखाना 1869 चा. 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. ही काडतुसे 65 आणि 70 मिलिमीटर अशा दोन लांबींत येतात. 70 चे काडतूस 65 च्या चेंबरमध्ये सहज बसते, पण उघडलेल्या पाकळ्या नळीच्या निमुळत्या भागात अडकून दाब वाढवतात. काडतूस घेण्याआधी नळीखाली कोरलेला आकडा वाचावा.

राहिला शहरातल्या पालकांचा प्रश्न. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, 2018 च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने सुवर्ण घेतले, 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य आणले. कोल्हापूरच्या नेमबाजांची ही तिन्ही पदके पॉइंट टू-टू बोरची, म्हणजे 0.22 इंची नळीची. या गोळीत वेगळी टोपी नसते. पेटणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत फिरवून पसरलेले असते आणि खिळा ती कडच चेपतो. चेपलेली कड सरळ होत नाही आणि रसायन पुन्हा भरता येत नाही. सराव संपल्यावर रेंजवर गोळा होणाऱ्या त्या पितळी पुंगळ्यांना मोडीचा भाव येतो, तेवढाच.