पेशीच्या अंगावरची गर्दी

स्तनाच्या गाठीच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये तीन नोंदी हमखास असतात: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन संप्रेरकांशी निगडित आहेत, एवढं बहुतेकांना डॉक्टरांकडून कळतं. हर-टूपुढे ‘३+’ लिहिलेलं असलं की मात्र घरातली माणसं विचारतात, हे कुठलं बिघडलेलं प्रथिन? खरं तर बहुतेक रुग्णांमध्ये ते बिघडलेलं नसतंच. फक्त फार झालेलं असतं.

हर-टू हे पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणात, रोवलेलं प्रथिन. १२५५ अमिनो आम्लांची साखळी. एक टोक पेशीबाहेर, एक आत आणि मधला छोटासा तुकडा पटलाच्या आरपार. त्याचा जनुक आपल्या १७व्या गुणसूत्रावर आहे. ‘हर’ नावाच्या या प्रथिनांच्या कुटुंबात चार भावंडं. बाकीची तिघं बाहेरून वाढीचा निरोप घेऊन येणारा रेणू चिकटेपर्यंत मिटून बसतात. तो आला की उघडतात आणि दुसऱ्या भावंडाशी जोडी जमवतात. जोडी जमली की आतली टोकं कामाला लागतात आणि ‘वाढा, विभागा’ हा हुकूम केंद्रकापर्यंत जातो. हर-टूसाठी असा निरोप आणणारा रेणू आजवर सापडलेला नाही. ते कायम उघडंच असतं, जोडीला तयार. हर-थ्रीबरोबर जमलेली त्याची जोडी सगळ्यांत जोरकस. गंमत म्हणजे हर-थ्रीचं स्वतःचं आतलं टोक जवळपास निकामी आहे.

असं सदा तयार प्रथिन निरोगी पेशीला धोक्याचं का ठरत नाही? कारण एका पेशीच्या पटलावर ही प्रथिनं विरळ असतात, साधारण २० हजारांच्या आसपास. पण डीएनएची नक्कल होताना गफलत होऊन जनुकाच्या दोनाऐवजी पंचवीस-पन्नास प्रती झाल्या, तर हा आकडा २० लाखांपर्यंत जाऊ शकतो. मग कोणाच्या निरोपाची गरज उरत नाही. इतक्या दाटीत ती एकमेकांना भिडतात, जोड्या जमत राहतात आणि पेशी थांबायचं विसरते.

हे उलगडलं ते उंदरांमुळे. अमेरिकेत एमआयटीतल्या रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९८२ साली लक्ष्मीचरण पाढी यांनी उंदरांच्या मज्जासंस्थेतल्या पेशींच्या गाठींमध्ये पटलावरचं एक वेगळं प्रथिन शोधलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी जोडलेला हा शास्त्रज्ञ आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्या जनुकाला ‘न्यू’ हे नाव मिळालं; हर-टूच्या जनुकाचं ते उंदरांतलं रूप. १९८६ मध्ये कोरी बार्गमन यांनी त्यातली चूक दाखवली: अख्ख्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. त्यामुळे पटलातल्या आरपार तुकड्यात व्हॅलीन या अमिनो आम्लाच्या जागी ग्लुटामिक आम्ल हे दुसरं येऊन बसलं आणि प्रथिनं निरोपाशिवायच जोड्या जमवू लागली. उंदरात एका अक्षरानं जे केलं, तेच माणसात निव्वळ संख्या करते. मला या सगळ्या कहाणीत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

माणसातला पुरावा १९८७ साली आला. डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या. सुमारे ३० टक्क्यांत हर-टूच्या जादा प्रती होत्या आणि त्या बायकांमध्ये आजार लवकर उलटत होता. आज हे प्रमाण १५ ते २० टक्के धरतात.

हे प्रथिन पटलावर असण्याचा एक फायदाही झाला. कर्करोगाचे कितीतरी जनुक जी प्रथिनं बनवतात ती पेशीच्या पोटात दडलेली असतात. प्रतिपिंडासारखा मोठा रेणू तिथवर पोचत नाही. हर-टूचं डोकं मात्र बाहेर. त्यालाच धरणारं ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ज्या निदानानं पूर्वी डॉक्टरांचा चेहरा उतरायचा, तेच आता नेमका उपचार सुचवणारं ठरलं. म्हणूनच रिपोर्टवर ‘२+’ असेल तर तिथे थांबू नये. तो निकाल अधांतरी असतो. जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करून घ्यावी.

या औषधावर असलेल्या रुग्णाला दर काही महिन्यांनी टू-डी इको करायला पाठवतात. कॅन्सर छातीत आणि तपासणी हृदयाची का, असा प्रश्न पडतो. हृदयाच्या स्नायूंनाही हर-टू लागतं. ज्या उंदरांमधून हा जनुक काढून टाकला, ती पिल्लं हृदयाची घडण अपुरी राहून गर्भातच दगावली.