उच्च-तीव्रता विसर्जन दिवे

दोन टंगस्टन इलेक्ट्रोडांमध्ये, जास्त दाबाच्या धातुवाफेतून अखंड पेटत्या राहणाऱ्या विद्युत-आर्कपासून उजेड देणारे दिवे. यांनाच एचआयडी दिवे म्हणतात. मर्क्युरी व्हेपर (पाऱ्याची वाफ), सोडियम व्हेपर आणि मेटल हॅलाइड हे मुख्य प्रकार. बेळगाव, खानापूर, निपाणीचे रस्ते, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या फौंड्र्या आणि रात्रीच्या सामन्यांची मैदाने कित्येक वर्षे याच दिव्यांवर उजळली. हॅलोजन या कुळातला नव्हे. त्यात तार तापते.

हा दिवा थेट लाइनला जोडता येत नाही. आर्क पेटला की नळीचा विरोध घसरतो आणि प्रवाह बेसुमार वाढू पाहतो. त्याला आवर घालते ती चोक, म्हणजे तारेचे वेटोळे. सोडियम आणि बहुतेक मेटल हॅलाइड दिव्यांना सुरुवातीचा काही हजार व्होल्टचा झटका देणारा इग्नायटरही लागतो. सोबतचा कपॅसिटर बिघडला तरी दिवा लागतोच, त्यामुळे तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण पॉवर फॅक्टर (ओढलेल्या प्रवाहातला कामी येणारा वाटा) ०.५ च्या आसपास उतरतो आणि वायरींतून जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहत राहतो.

या दिव्यांचा स्वभाव कळतो तो लाइट गेल्यावर. गरम नळीतला दाब इतका असतो की आर्क लगेच पुन्हा पेटत नाही. सोडियम एक-दोन मिनिटांत सावरतो, मर्क्युरीला पाचेक मिनिटे लागतात, मेटल हॅलाइडला दहा-पंधरा. कबड्डीच्या सामन्यात लाइट क्षणभर गेली आणि लगेच आली, तरी मैदान अंधारातच राहते. चढाईला निघालेला गडी, पंच, प्रेक्षक सगळेच खोळंबतात. म्हणून जाणते लोक अशा खांबावर एखादा हॅलोजनही ठेवतात.

मर्क्युरी दिवा यांत जुना, १९३० च्या दशकातला. उजेड निळसर-हिरवट, त्यात तांबडा रंग जवळजवळ नाही. तो भरून काढायला बाहेरच्या काचेला आतून फॉस्फरचा (अतिनील किरण शोषून उजेड देणाऱ्या भुकटीचा) थर देतात. वॅटमागे ३५ ते ६० ल्युमेन (उजेडाचे माप) मिळतात. तो सहसा एकदम जात नाही, वर्षानुवर्षे मंदावत जातो, आणि वीज मात्र तेवढीच खातो. त्याच्या अतिनील किरणांकडे किडे धावतात, आणि शेतीत नेमका त्याचाच उपयोग झाला. सीमाभागातल्या उसाची मुळे हुमणी ही अळी कुरतडते. वळवाचे पाऊस पडले की मे-जूनमध्ये तिचे भुंगेरे दिवेलागणीला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. अशा झाडांजवळ प्रकाश सापळा लावतात : वर दिवा, खाली रॉकेल घातलेल्या पाण्याचे घमेले. माद्यांनी अंडी घालण्याआधी भुंगेरे मारले तरच उपयोग, म्हणून सापळा पहिल्या वळवालाच लागायला हवा.

सोडियमच्या तापलेल्या वाफेपुढे क्वार्ट्झची नळी टिकत नाही. अर्धपारदर्शक अ‍ॅल्युमिना सिरॅमिकची नळी जमली तेव्हा, १९६० च्या दशकात, उच्चदाब सोडियम दिवा बाजारात आला. वॅटमागे ८० ते १४० ल्युमेन देणारा हा दिवा रस्त्यांसाठी सर्वांत किफायती ठरला. रंगाच्या बाबतीत मात्र तो अगदी कच्चा : रंगदर्शन निर्देशांक (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे माप) १०० पैकी जेमतेम २५. लाल आणि तपकिरी गाडी त्याखाली सारखीच दिसते. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या पानाचा रंग पारखायला तो कामाचा नाही. चोर्ला घाटासारख्या धुक्याच्या रस्त्यावर पिवळा उजेड धुके भेदतो, हा समज मला चुकीचा वाटतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळेच रंग साधारण सारखे विखुरतात. दिवा म्हातारा झाला की आर्कचे व्होल्टेज चढते. मग तो विझतो, थंड होऊन पुन्हा पेटतो, पुन्हा विझतो. रस्त्यावर असा दिवा दिसला तर चोक आणि इग्नायटर उघडण्याआधी बल्ब बदलून पाहावा.

मेटल हॅलाइडमध्ये पाऱ्यासोबत धातूंची आयोडाइडे किंवा ब्रोमाइडे असतात. जनरल इलेक्ट्रिकच्या गिल्बर्ट रायलिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो व्यवहारात आणला. उजेड पांढरा, रंग खरे. म्हणून मैदाने, शोरूम, चित्रीकरण. जुना झाल्यावर त्याची नळी फुटू शकते, त्यामुळे विशेष संरक्षित बल्ब नसेल तर पुढची काच नसलेल्या फिटिंगमध्ये तो लावणे धोक्याचे.

कारखान्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. ५० हर्ट्झच्या विजेवर हे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. लेथचा फिरता चक (काम पकडणारा भाग) त्या लयीशी जुळला, तर थांबल्यासारखा किंवा उलटा फिरताना दिसतो आणि कामगाराचा हात त्यात जातो. उपाय सोपा आहे : शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घ्यायचे.

पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या मिनामाता कराराने सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या मर्क्युरी दिव्यांच्या उत्पादनाला आणि आयात-निर्यातीला २०२० ची मुदत घातली. भारताने २०१८ मध्ये करार मान्य केला. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय पथदीप योजनेने रस्त्यांवर एलईडी आणले. उतरवलेल्या फिटिंगमधली तांब्याची चोक भंगारात विकली जाते, बल्ब मात्र उकिरड्यावर फुटतो. त्यात पारा असतो; तो अख्खाच ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे गेला पाहिजे.