डॉसवरचं जीसीसी आणि 'गो३२'चा घोळ

डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी आज कुणी मुक्तस्रोत कंपाइलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारं साधन) बांधायला बसलं, की 'गो३२' हे नाव दर वळणावर आडवं येतं. फ्री पास्कल या कंपाइलरमध्ये डॉसच्या टार्गेटचं (ज्या सिस्टीमसाठी प्रोग्रॅम बनवायचा तिचं) नाव 'गो३२व्ही२'. बायन्युटिल्स या कंपाइलरच्या जोडीच्या साधनसंचात फाइलच्या स्वरूपाला 'कॉफ-गो३२' म्हणतात, जीसीसी या मुक्त सी कंपाइलरच्या मॅक्रोंतही (कोडमधल्या ठरलेल्या खुणांतही) गो३२च. पण डीजेजीपीपी या जीसीसीच्या डॉसवरच्या संचात गो३२ नावाचा प्रोग्रॅम शोधाल, तर तो सापडत नाही.

१९८९ मध्ये युनिक्सवाल्यांच्या एका बैठकीत प्रश्न आला : जीसीसी डॉसवर येणार का? उत्तर मिळालं, जमणार नाही. जीसीसी फार मोठं आणि डॉस १६ बिटी. विचारणारा, डीजे डेलोरी, कामालाच लागला. उत्तर तसं चूक नव्हतं. डॉसच्या प्रोग्रॅमला ६४० केबीच्या आत राहावं लागे, तेही ६४ केबीच्या तुकड्यांत. आपल्याकडे टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर 'इंट ए[४००००]' लिहून 'अॅरे साइझ टू लार्ज' खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ३८६ प्रोसेसरमध्ये ३२ बिटी प्रोटेक्टेड मोड (ही मर्यादा ओलांडू देणारी चालवण्याची पद्धत) होता आणि डॉस त्याला हातही लावत नव्हतं.

तिथे गो३२ आला. हा डॉस एक्स्टेंडर : प्रोसेसर प्रोटेक्टेड मोडमध्ये न्यायचा, प्रोग्रॅम तिथे चालवायचा, आणि फाइल उघडण्यापुरतं डॉसकडे परतायचं. गंमत म्हणजे मुक्त कंपाइलरचा हा पाया बांधायला बोरलँडचा विकतचा कंपाइलर लागे. आधी फक्त सी होतं तेव्हा संचाचं नाव डीजेजीसीसी होतं, सी++ आल्यावर ते डीजेजीपीपी झालं.

वाद झाला तो दुसऱ्या आवृत्तीवर. १९९६ च्या या आवृत्तीत एक्स्टेंडर काढून टाकला. प्रत्येक एक्झीच्या (चालवायच्या फाइलच्या) तोंडाशी २ केबीचा स्टब (सुरुवात करून देणारा तुकडा) उरला आणि बाकीचं काम डीपीएमआय सर्व्हरवर, म्हणजे प्रोटेक्टेड मोडची सोय पुरवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमवर, सोपवलं. विंडोजच्या डॉस खिडकीत हा सर्व्हर आयताच मिळे. निव्वळ डॉसवर मात्र सीडब्ल्यूएसडीपीएमआय नावाचा सर्व्हर शेजारी ठेवावा लागे. विसरलात की 'लोड एरर : नो डीपीएमआय' एवढीच ओळ आणि पुढे कोणती झिप आणायची तिचं नाव. एक फाइल देऊन मोकळं होणाऱ्यांना हे जाचलं. मला निर्णय पटतो : त्यामुळे हा संच स्वतःच स्वतःला बांधू लागला, बोरलँडची गरज संपली. त्याच वर्षी आलेल्या 'क्वेक' या गेमची डॉस आवृत्तीही डीजेजीपीपीवरच बांधलेली होती. चुकलं ते एवढंच, की एक्स्टेंडर गेला तरी स्टबला आणि मॅक्रोला जुनंच नाव ठेवलं. नवखे अजून 'गो३२ डाउनलोड' शोधतात.

बाकीची डोकेदुखी बारीकसारीक, पण न संपणारी. आठ अधिक तीन अक्षरांच्या फाइलनावात एकच टिंब चालतं, म्हणून 'कॉन्फिग.एच.इन'चं 'कॉन्फिग.एचइन' करावं लागलं. 'फोर्क' (चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत काढणारी युनिक्सची सोय) नाहीच. कमांडच्या ओळीत १२६ अक्षरं मावतात, आणि लिंकरला (तुकडे जोडून एक्झी करणाऱ्या प्रोग्रॅमला) द्यायच्या फाइलींची यादी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

६४ बिटी विंडोजमध्ये डॉसची सोयच उरली नाही. तेव्हापासून बहुतेक जण लिनक्सवर क्रॉस-कंपाइल करतात (तिथे बसून डॉससाठीचा प्रोग्रॅम बनवतात) आणि तयार एक्झी डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवून बघतात. कंपाइलर स्वतः डॉसवर चालवण्याचा हट्ट आता थोड्यांचाच. नव्या जीसीसीला सी++ची एक मोठी फाइल दिली, की डॉसच्या मशीनची मेमरी पुरत नाही.