परिचर्येचे अर्थकारण आणि धोरणविषयक पाठपुरावा (सोलापूर)

रुग्णसेवेतील परिचारिकेच्या श्रमाचे मोल कसे ठरते, ते कोण देते आणि ते ठरविणाऱ्या निर्णयांपर्यंत परिचारिका स्वतःचे म्हणणे कसे पोचवितात, याचा विचार या विषयात केला जातो. ‘परिचारिका’ या संज्ञेत येथे सिस्टर आणि ब्रदर दोघेही अभिप्रेत आहेत. सोलापुरात शासकीय, सहकारी, धर्मादाय, कामगार विमा योजनेची आणि खासगी अशी सर्व प्रकारची रुग्णालये एकाच शहरात नांदतात आणि एकाच अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या परिचारिकांचे वेतन यांपैकी प्रत्येक ठिकाणी निराळ्या रीतीने ठरते. त्यामुळे हा विषय समजून घेण्यास हे शहर सोयीचे आहे.

डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला गावात सगळे ‘सिव्हिल’च म्हणतात. तेथे सोलापूरबरोबर धाराशिव जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर व कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येतात. सहकाराने या जिल्ह्यात साखर कारखाने उभे केले, तशीच शहरात अश्विनी व मार्कंडेय ही सहकारी रुग्णालयेही उभी केली. कारखान्यांतील कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने आलेली राज्य कामगार विमा योजना आहे. तिच्यात कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जमा होते.

रुग्णालयाच्या बिलात डॉक्टरांच्या भेटीची, शस्त्रक्रियेची, भूल देण्याची आणि औषधांची ओळ वेगळी असते. परिचर्या बहुधा खाटेच्या भाड्यात विरून गेलेली असते, आणि ‘नर्सिंग चार्जेस’ असे कोठे छापलेले असले तरी त्या रकमेवरून परिचारिकेचा पगार ठरतोच असे नाही. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे. शासकीय विमा योजनांनी ही अदृश्यता आणखी पक्की केली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पूर्वीची दीड लाखाची मर्यादा पुढे पाच लाखांपर्यंत वाढली. गरीब रुग्णाला तिचा मोठाच आधार झाला. मात्र तिच्यात रुग्णालयाला प्रत्येक उपचारामागे ठरलेले पॅकेज मिळते, आणि रक्कम ठरलेली असली की काटकसर जेथे करता येते तेथेच होते. सांध्यात बसवायचा इम्प्लांट निम्मा बसविता येत नाही; पाळीवर तीन परिचारिकांऐवजी दोन मात्र लावता येतात.

मनुष्यबळाचे प्रमाण कागदावर स्पष्ट आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, म्हणजे प्रत्येक पाळीत साधारण नऊ खाटांमागे एक. शिवाय रजांसाठी ३० टक्के राखीव. उदाहरणादाखल ३० खाटांचा कक्ष घेतला, तर दहा आणि राखीव तीन अशा तेरा परिचारिका लागतात. हा हिशेब मंजूर खाटांवर होतो, दाखल रुग्णांवर नव्हे. साथीच्या दिवसांत अशा कक्षात जमिनीवर गाद्या घालून ४५ रुग्ण ठेवले, तरी मंजूर पदे तेराच राहतात, आणि त्यांतलीही काही रिक्त असतात. डॉक्टर कमी पडले तर रांग लांबते आणि सर्वांना दिसते. परिचारिका कमी पडल्या तर सलाईन वेळेवर बदलले जात नाही, पाठीवर व्रण होतात, मुक्काम लांबतो, आणि हा खर्च कोणाच्याही नावावर लिहिला जात नाही.

पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणारी परिचारिका खाटेखाटेवरून जाते: कोणाचे किती सलाईन गेले, कोणाची लघवी किती झाली, कोणाचा रक्ततपासणीचा कागद अजून आलेला नाही. सोलापुरात हे काम एका भाषेत होत नाही. पूर्व भागातील विणकर वस्तीच्या तेलुगू बोलणाऱ्या आजींना ‘नोप्पि’ आणि अक्कलकोटकडच्या कानडी शेतकऱ्याला ‘नोवु’ म्हटले की कळते. ‘दुखतंय का’ एवढेच विचारून भागत नाही. हा दुभाषीपणा नोकरीच्या कोणत्याही जाहिरातीत नाही आणि कोणत्याही भत्त्यातही नाही.

वेतनातील तफावत मोठी आहे. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेला (स्टाफ नर्सला) सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून सुरू होणारी श्रेणी आहे, तर केंद्र शासनाच्या सेवेत हाच आरंभ ४४,९०० रुपयांचा आहे. खासगी क्षेत्राबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय वेतनाइतके, १०० ते २०० खाटांसाठी त्याहून फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी आणि त्याखालील रुग्णालयात किमान २०,००० रुपये वेतन सुचविले. ही शिफारस आहे. ती बंधनकारक करणे राज्यांच्या हाती आहे. सोलापूरसारख्या शहरात छोट्या नर्सिंग होमची संख्या मोठी असल्याने यातील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच सर्वांत अवघड.

पाठपुराव्याची रीत जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी भारतात कधीही न येता येथील लष्करी छावण्यांच्या आरोग्याचे आकडे मागवून १८५९ च्या रॉयल कमिशनच्या कामात ते वापरले. भारतात परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १९०८ पासून आहे. वर उल्लेखिलेल्या न्यायालयीन आदेशामागची याचिका तिचीच. राज्यातील संघटनांनी मे २०२२ मध्ये खासगी संस्थांमार्फत पदे भरण्याच्या विरोधात काम बंद आंदोलन केले. सोलापुरात धरणे म्हटले की जिल्हा परिषदेचे पूनम गेट ठरलेले. मात्र संपाला मेस्मा या अत्यावश्यक सेवांच्या कायद्याची मर्यादा पडते आणि कक्षातील रुग्णाचे हाल झाले तर सहानुभूतीही ओसरते, म्हणून निवेदन हेच नेहमीचे साधन उरते. ‘कामाचा ताण आहे’ एवढेच सांगणारे निवेदन आवक नोंदवहीत जाऊन थांबते. तीन महिन्यांच्या पाळीनिहाय रुग्णसंख्येचा तक्ता जोडलेल्या निवेदनाला निदान लेखी उत्तर तरी द्यावे लागते. अडचण अशी, की अधिसेविका (मेट्रन) ड्यूटी लावते, पण पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदे किती असावीत याचा आराखडा, तिच्या टेबलावर ठरत नाही. तो मंत्रालयात वित्त विभागाच्या संमतीने ठरतो, आणि तेथील चर्चेत परिचारिका क्वचितच असते. राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा २०२३ चा कायदा शिक्षण, नोंदणी आणि व्यवसायाचे मानदंड यांविषयी आहे. वेतन ठरविण्याचे काम त्याच्याकडे नाही.

सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक शहरात आहे. चीनमध्ये त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गुओ छिंगलान परिचारिका होत्या. येथे मात्र त्यांची ओळख बहुधा कोटणीसांच्या पत्नी एवढीच सांगितली जाते.

जिल्ह्याचा एक ताण कोणत्याही निकषात बसत नाही. आषाढी वारीत पंढरपूरला आणि पालखी मार्गांवर आरोग्य पथके लागतात आणि ठिकठिकाणच्या परिचारिकांची तेथे प्रतिनियुक्ती होते. वारकऱ्यांचे पाय चेपून, फोडांवर पट्ट्या बांधून त्या परततात. तोवर त्यांच्या मूळ कक्षातील पाळ्या उरलेल्या परिचारिकांनी ओढलेल्या असतात, आणि हजेरीपटावर त्या काळातही मंजूर पदे पूर्वीइतकीच दिसतात.