मे महिन्यातलं पातळ अंडं

उन्हाळा आला की ग्वाल्हेरच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर प्लास्टिकच्या अंड्याचा व्हिडिओ हमखास उगवतो. कुणीतरी अंडं फोडतो, आतला पांढरा पापुद्रा ओढून दाखवतो, की झालं सिद्ध! तो पापुद्रा प्रथिनांच्या धाग्यांचा असतो आणि प्रत्येक अंड्यात असतो. सहा-सात रुपयांना विकायचं अंडं कारखान्यात घडवायला काय खर्च येईल, हा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घराघरांतली दुसरी तक्रार खरी आहे. मे महिन्यात कवच पातळ होतं, पिशवीतच तडकतं.

कृषीच्या विद्यार्थ्याला विचारा, कवच कशाचं? 'कॅल्शियमचं' हेच उत्तर येईल. ते अपुरं आहे. कवच म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याच्या वजनात कॅल्शियम ४० टक्के, तर कार्बोनेट ६० टक्के. कॅल्शियम खाद्यातून येतं. रात्री पोट रिकामं झालं की पायांच्या हाडांतल्या खास साठ्यातून. कार्बोनेट मात्र कोंबडीच्या स्वतःच्या कार्बन डायऑक्साइडपासून तयार होतं. अंडं घडायला साधारण २५ तास लागतात, त्यांतले सुमारे २० तास ते कवचग्रंथीत असतं. तिथे कार्बॉनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग घडवतं, बायकार्बोनेट तयार होतं, त्याचं कार्बोनेट होऊन कॅल्शियमवर बसतं.

आता ४५ अंशांची दुपार घ्या. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे ती चोच उघडून धापा टाकते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस असलेले श्वास दोनशेच्या वर जातात. श्वसनमार्गातलं पाणी उडून अंग थंड होतं, पण त्याच श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. रक्त अल्कधर्मी होतं. तोल सावरण्यासाठी मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकू लागतात, म्हणजे कवचाचा कच्चा माल आणखी घटतो. शिवाय अल्कधर्मी रक्तात कॅल्शियम प्रथिनांना जास्त चिकटतं, त्यामुळे वापरायला मोकळं कॅल्शियमही कमी उरतं. त्यात उन्हाने भूक मेलेली.

अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात उष्णतेने त्रासलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं. कवच सुधारलं! गेलेला वायू पाण्यातून परत मिळाला.

म्हणूनच कॅल्शियमच्या महागड्या टॉनिकच्या बाटल्या पाहून मला हसू येतं. धाप थांबली नाही, तर नुसतं कॅल्शियम ओतून काय होणार? आधी शेडमध्ये हवा खेळती हवी, छतावर पाणी हवं, प्यायचं पाणी गार हवं. पाण्यात सोडियम बायकार्बोनेट द्यायचं असेल, तर प्रमाण पशुवैद्यकाला विचारून ठरवावं. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी घालावं. संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा असावा. बारीक पूड लवकर पुढे सरकते, जाड तुकडे मात्र पेषणीत, म्हणजे खाद्य दळणाऱ्या पोटात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात, आणि कवच बव्हंशी रात्रीच चढत असतं.