वनजमिनीवरच्या तलावात मासेमारीचा सामूहिक हक्क: दावा नेमका कुठे अडतो

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली पट्ट्यात सामूहिक वनहक्काच्या दाव्यात मोह, तेंदू, बांबू ठळकपणे लिहिलेले असतात आणि गावच्या बोडीतली (लहान तलावातली) मासळी राहून जाते. मग अधिकारपत्र येतं, पण त्यात मासे नसतात. जे मागितलंच नाही ते मिळत नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(1) मध्ये मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. शिंगाडा, कमळकंद हेही त्यातच बसतात.

या हक्काला पैशाच्या हिशेबात वजन आहे. तलाव ठेक्याने घेणाऱ्याला पुढच्या वेळी तो आपल्याकडेच राहील याची खात्री नसते. त्यामुळे बोटुकली (माशांची पिल्लं) सोडण्यावर तो हात राखून खर्च करतो आणि मुदत संपण्याआधी अंड्यावरची मासळीही ओढून काढतो. हक्क ग्रामसभेचा असला तर जाळ्याचा आस (भोकाचा आकार) किती ठेवायचा, पावसाळ्यात किती दिवस बंदी पाळायची हे ठरवणाऱ्यालाच त्याचं फळ मिळतं.

अर्ज करण्याआधी तलाव कुठल्या जमिनीवर आहे ते बघा. हा कायदा फक्त वनजमिनीला लागू आहे. जिल्हा परिषदेचा किंवा पाटबंधारे खात्याचा मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) महसुली जमिनीवर असेल तर दावा कितीही चांगला लिहा, तो टिकणार नाही. तिथे सहकारी संस्थेमार्फत ठेक्याचाच रस्ता. सातबारा काढा आणि वनखात्याचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) ताडून पाहा. वनजमिनीची व्याख्या मात्र रुंद आहे. राखीव, संरक्षित, अवर्गीकृत वन आणि अभयारण्यसुद्धा तिच्यात येतं, म्हणून ‘अभयारण्यात हक्क मिळत नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा.

वापराच्या हक्कासाठी नमुना ब, जंगलाच्या व्यवस्थापनाच्या हक्कासाठी नमुना क. दोन्ही भरा. नमुना ब मध्ये ‘निस्तार (गावाचा रोजच्या गरजेपुरता वापर) व इतर’ असं मोघम लिहू नका. तलावाचं स्थानिक नाव, कक्ष क्रमांक, कोणत्या महिन्यांत कोण मासे धरतं, कोणती जाळी वापरतात, शिंगाडा कोण काढतं, हे सगळं लिहा. फी नाही. चालू ठेका असेल तर तो लपवू नका. ठेका घेणाऱ्या संस्थेचे सभासद बहुधा गावातलेच ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, असतात, त्यांच्याशी आधी ग्रामसभेत बोलून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ पुराव्याचा. ढिवर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. 1930 सालचा कागद आणायचा कुठून? रेशन कार्ड तेव्हा नव्हतंच. पण कायदा विशिष्ट कागद मागत नाही, आणि ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या उपविभागस्तरीय किंवा जिल्हास्तरीय समितीला तसा हट्ट धरता येत नाही. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे हवेत, एवढंच. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वापराच्या हक्कांच्या आणि रूढींच्या जुन्या महसुली नोंदी), जुन्या जमीन बंदोबस्ताचे कागद, गॅझेटियर, जनगणना यांच्या नकला अभिलेख कक्षात मागा. जोडीला गावातल्या वृद्धांचं लेखी निवेदन (दावेदार सोडून इतरांचं), वंशावळ, आणि तलावाकाठच्या देवस्थानाची, स्मशानाची किंवा जुन्या विहिरीची नोंद. फक्त उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही म्हणून दावा फेटाळता येत नाही.

ठराव पाड्याच्या किंवा गावाच्या ग्रामसभेचा हवा, गट ग्रामपंचायतीचा नको. निम्मे प्रौढ सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात, आणि दाव्यावर ठराव असेल तर किमान निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. 240 प्रौढांच्या गावात 120 माणसं जमली तर त्यांत 40 बायका. सह्यांच्या पानावर हा हिशेब जमला नाही की फाइल परत. दावे पडताळणाऱ्या, ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीत 10 ते 15 जण असतात आणि त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे. म्हणून उरलेल्या जागांत एखादी ढिवर बाई असेल याची काळजी घ्या, नाहीतर मासळीचा मुद्दा मांडायला कुणी उरत नाही.

पडताळणीला वनरक्षक आणि तलाठी यांना लेखी बोलवा, पोच घ्या. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणाने हरकत घेतली तर फेरपडताळणी होते. दुसऱ्यांदाही गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. ही तरतूद 2012 च्या दुरुस्तीत आहे आणि बऱ्याच कार्यालयांत ती कुणी वाचलेली नसते, प्रत सोबत ठेवा. तलाव दोन-तीन गावांचा असेल तर त्या गावांच्या वनहक्क समित्यांची संयुक्त बैठक घेऊन निष्कर्ष लेखी द्या. नकाशावर एकट्याने सगळा तलाव आपल्या हद्दीत ओढला की भांडण उपविभागाकडे जातं आणि तिथेच पडून राहतं.

आता मुदत. ‘तीन महिन्यांत अर्ज केला नाही, आता संधी गेली’ असं ऐकून लोक घरी बसतात. ते तीन महिने ग्रामसभेने दावे मागवल्यापासूनचे असतात आणि कारण नोंदवून ग्रामसभा ते वाढवू शकते. कायद्याने दार बंद केलेलं नाही. खरी मुदत अपिलाची: फेटाळल्याचा निर्णय कळल्यापासून 60 दिवस, समितीला वाटलं तर आणखी 30. निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवणं बंधनकारक आहे, म्हणून तोंडी ‘नामंजूर झालं’ ऐकून उठू नका. तारीख टाकलेला, कारण लिहिलेला कागद घ्या. ठराव अपुरा वाटला तर समितीने तो दुरुस्तीसाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, परस्पर निकाली काढायचा नसतो.

अधिकारपत्र हातात आल्यावर तलावाचं नाव आणि मासळीचा उल्लेख त्याच दिवशी तपासा. पुढे महसूल आणि वनखात्याने अंतिम नकाशा करून आपल्या दप्तरी नोंद जास्तीत जास्त तीन महिन्यांत घ्यायची असते. ती झाली का, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच तलावाच्या ठेक्याची जाहिरात निघू शकते.