माशाला दात नसतात म्हणे!

नाथसागरातली चिलापी असो की विष्णुपुरीचा रोहू, मासे आवडीने खाणाऱ्या घरांतही एक समज पक्का असतो: मासा चावत नाही, गिळतो. रोहूच्या तोंडात बोट घालून पाहिलं तर तो खराही वाटतो, कारण बोटाला एकही दात लागत नाही. रोहूला दात असतात, पण तोंडात नाही, घशात. या घशातल्या दातांवर विसंबून शास्त्रज्ञांनी प्रवाळात राहणाऱ्या माशांची इतर माशांशी एक मोठी सोयरीक जुळवली होती. पुढे डीएनएने ती मोडली.

ते मासे म्हणजे रॅस, शास्त्रीय भाषेत लॅब्रिडी कुळ. पाचशेहून जास्त जाती. काही बोटाएवढ्या, तर नेपोलियन रॅस दोन मीटरच्या वर जातो. लक्षद्वीपच्या प्रवाळात यांची वर्दळ असते. बहुतेक रॅस पोहताना शेपटी फारशी हलवत नाहीत, छातीचे दोन पर पंखांसारखे मारतात. पण या कुळाची खरी ओळख बाहेरून दिसत नाही. ती घशातल्या दातांच्या यंत्रात असते. चिलापी रॅस नाही, पण तिच्या घशातही तसंच यंत्र असतं, म्हणून ते बघायला समुद्रावर जायची गरज नाही, चिलापीचं मुंडकं पुरतं.

अर्धा किलोच्या आसपासची चिलापी घ्या आणि मासे तोडून देणाऱ्याला आधीच सांगा की मुंडकं कल्ल्यांसकट हवंय. नेहमीच्या सवयीने तो कल्ले ओढून काढतो आणि आपल्याला हवं ते हाड त्यांच्याबरोबर टोपलीत जातं. घरी आल्यावर गालावरचं झाकण कापा. लाल कल्ल्यांच्या चार कमानी दिसतील. चौथीच्या मागे, अन्ननलिकेच्या तोंडाशी बोट फिरवलं की खरखरीत लागतं, सँडपेपरसारखं. तेवढा भाग काढून पाण्यात आठ-दहा मिनिटं उकळा, मग जुन्या टूथब्रशने मांस घासून काढा. जास्त उकळलंत तर वरच्या बाजूची लहान हाडं सुटून गाळात जातात आणि हाती अर्धाच ऐवज राहतो.

हाती येतं ते एक त्रिकोणी हाड, वरच्या पृष्ठावर बारीक दातांची दाटी. उलटं करून पाहिलं तर मधोमध शिवण दिसते. हा खालचा जबडा. त्याच्यासमोर वर दातांच्या दोन गाद्या असतात. आता रोहूचं मुंडकं असंच उघडा. तिथे खाली कोयत्यासारखी दोन सुटी हाडं मिळतात, त्यांवर तीन ओळींत दात. वर दातच नाहीत, कवटीच्या बुडाशी एक कडक गादी असते आणि रोहू तिच्यावर अन्न रगडतो. म्हणजे घशात दोघेही चावतात, पण यंत्रं वेगळी.

चिलापीचं यंत्र तीन गोष्टींनी बनतं. एक, खालची दोन हाडं जुळून एकच झालेली. दोन, वरच्या हाडांचा थेट कवटीच्या बुडाशी सांधा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते: साध्या माशात कवटीकडून येणारा स्नायू वरच्या बाजूच्या हाडांना अडकतो, इथे तो खाली उतरून थेट खालच्या जबड्याला धरतो. खालचा जबडा पाळण्यासारखा कवटीला टांगला जातो. स्नायू आखडला की पाळणा वर उचलला जातो आणि मधला गोगलगायीचा शंख फुटतो. चावायचं काम घशाने उचलल्यामुळे तोंडाचा जबडा मोकळा झाला, त्याने फक्त पकडायचं. १९७३ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ कॅरेल लीम यांनी सिक्लिड नावाच्या कुळातल्या माशांच्या भरभराटीचं कारण म्हणून हेच पुढे केलं. चिलापी सिक्लिडच. स्लिंगजॉ नावाचा रॅस तर डोक्याच्या लांबीच्या ६५ टक्के एवढं तोंड पुढे फेकतो. असल्या तोंडाने चावणं जमलंच नसतं.

आता वर्गीकरणाची गंमत. खालची हाडं जुळलेल्या माशांचा एक गट योहान्स म्युलर यांनी १८४० च्या दशकातच केला होता. १९८२ मध्ये कॉफमन आणि लीम यांनी सिक्लिड, रॅस, पोपटमासे, डॅमसेल (निमोवाला क्लाउनफिश यातलाच) आणि सर्फपर्च यांना एका मांडवाखाली आणलं. त्यांचा तर्क सरळ होता: इतकं गुंतागुंतीचं यंत्र वारंवार कोण बनवेल? एकदाच बनलं असणार, म्हणून सगळ्यांचा पूर्वज एक. तर्क देखणा, पण चुकीचा. जनुकं तपासल्यावर सिक्लिड आणि डॅमसेल एका बाजूला निघाले, रॅस भलतीकडेच. निसर्गाने हे यंत्र वेगवेगळ्या घराण्यांत अनेकदा बनवलंय. चिकित्सक नजरेला खुणा आधीही होत्या. रॅसच्या खालच्या जबड्यात शिवण उरत नाही, हाड सलग असतं आणि ते खांद्याच्या हाडालाही टेकतं. चिलापीत असा टेकू नाही.

उलटंही झालं. पोपटमाशांना स्वतःचं वेगळं कुळ दिलेलं होतं, कारण दात जुळून झालेली त्यांची चोच. २००५ मध्ये वेस्टनीट आणि अल्फारो यांच्या जनुकीय अभ्यासात ते रॅसच्या कुळातच बसले. घशात पाहिलं तर नवल वाटत नाही. खाली पाटा, वर वरवंटा, आणि वरवंटा कवटीवर पुढे-मागे सरकतो. चोचीने खरवडलेलं प्रवाळ त्यात दळलं जातं. पोटात जठर नाहीच, त्यामुळे पीठ घशातच व्हायला हवं. कपाळावर टेंगळासारखा उंचवटा मिरवणारा एक मोठा पोपटमासा वर्षाला सुमारे पाच टन प्रवाळ असं दळून वाळू करून टाकतो.

टेंगळावरून आठवलं. शोभेच्या माशांच्या दुकानात फ्लॉवरहॉर्न भाग्याचा मासा म्हणून चढ्या भावाने खपतो, कपाळावरचा फुगवटा जितका मोठा तितकी बरकत म्हणे. तो माणसाने संकर करून तयार केलेला सिक्लिड आहे. बरकत येत असेलच तर ती दुकानदाराकडे.

रॅसचं वागणंही हाडांइतकंच चक्रावणारं. सफाई करणारा निळा रॅस जेमतेम बोटभर. तो एक ठिकाण धरून बसतो, मोठे मासे तिथे येतात आणि तो त्यांच्या अंगावरचे, अगदी कल्ल्यांतलेही परजीवी टिपतो. १९९६ मध्ये ॲलेक्झांड्रा ग्रटर यांनी मोजलं: एक रॅस दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो. म्हणून घरच्या खाऱ्या टाकीत तो विकत आणू नये. चार माशांच्या अंगावर एवढे परजीवी येणार कुठून? इतर खाद्य घ्यायला तो बहुधा शिकत नाही आणि उपाशी मरतो.

त्याच्या टोळीत एक नर आणि काही माद्या असतात. नर मेला की सर्वांत मोठी मादी दोन तासांच्या आत नरासारखं वागू लागते, इतर माद्यांवर गुरकावते. दोन-अडीच आठवड्यांत ती शुक्राणू सोडू लागते. रॉबर्टसन यांनी हे १९७२ मध्ये मांडलं. आधी वागणं बदलतं, शरीर मागून येतं.

चिलापी-रोहूची घासून ठेवलेली हाडं सावलीत दोन दिवस वाळवा, उन्हात ठेवली तर तडकतात. वर जाळी झाका, नाहीतर मुंग्या ओढून नेतील. आणि नजरेला दात बारीक वाटले तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा.